टकलाचा दोष कोणाच्या माथी?

मालवणच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांत वैशाखात विहिरीचे पाणी मचूळ लागू लागते. त्याच सुमारास पंचविशीतला एखादा तरुण आरशासमोर उभा राहून रुंदावलेले कपाळ चाचपतो. घरातली वडीलधारी मंडळी लगेच निदान करतात, ‘‘ह्या खाऱ्या पाण्यान केस गेले तुजे!’’ कोणी हेल्मेटला दोष देतो, कोणी खोबरेल तेल सोडल्याला, तर कोणी थेट आजोळाकडे बोट दाखवतो. कारण शोधण्याची ही खटपट आजची नव्हे. तिला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत या विकाराला इंद्रलुप्त, खालित्य अशी नावे आहेत. वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते. मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो आणि नवा केस उगवत नाही, अशी तिथली उपपत्ती. आजचे वैद्यक ही भाषा वापरत नाही. पण केस गळणे आणि नवा न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या नावावरील ग्रंथात, खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, अशी नोंद आहे.

या नोंदीचा अर्थ लागायला १९४२ साल उजाडले. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी वयात येण्यापूर्वीच वृषण गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांना टक्कल पडत नव्हते. पण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक टोचल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे संप्रेरक आणि आनुवंशिकता अशी दोन्ही कारणे एकत्र यावी लागतात. पुढे कळले की टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते आणि त्यामुळे केसांची मुळे हळूहळू आक्रसतात. आजोळाला दोष देण्यातही थोडे तथ्य निघाले. यातला एक महत्त्वाचा जनुक आईकडूनच येतो. मात्र बाकीचे अनेक जनुक दोन्ही घराण्यांतून येतात.

मग निदान कसे करायचे? पुरुषी टकलाचा एक ठरावीक नमुना असतो. केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरतात, टाळूवर विरळ होतात, पण कानांवरची आणि मानेवरची झालर शाबूत राहते. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये याच्या पायऱ्या आखल्या आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये त्यांत सुधारणा केली. मचूळ पाण्याने केस राठ होतील, पण हा नमुना पाण्याने घडत नाही. टायफॉइड, डेंग्यू किंवा कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात. ते बहुधा परत येतात. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. खवले आणि खाज असेल तर बुरशीची शंका घ्यावी. रक्तक्षय आणि थायरॉईडही तपासून घ्यावेत.

घाईने निदान करता येत नाही, याचा धडा आपल्याच राज्यात मिळाला. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळू लागले. त्यांत पुरुष होते, बायका होत्या, मुलेही होती. प्रथम संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. महाडला विंचूदंशावर उपचार शोधून कोकणातले कितीतरी जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन रक्त, लघवी, केस आणि गहू तपासले. रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. तोवर त्या गावांतली माणसे लोकांच्या नजरा चुकवू लागली होती. केसांबरोबर माणसाची उमेदही जाते, ती अशी.

म्हणून पहिली तेलाची बाटली विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. केस हळूहळू गेले की एकाएकी? नमुन्याने गेले की चट्ट्याने? मधल्या काळात आजारपण आले होते का? ही उत्तरे घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. आनुवंशिक टक्कल असेल तर ते रोखणारी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि लवकर सुरू करावीत. आणि ती नको वाटली तरी हरकत नाही. बिनकेसांच्या डोक्याने आपल्या किनाऱ्यावर कोणाची होडी आजवर अडलेली नाही. मात्र विहिरीला उगाच दोष देऊ नये.