चाचणी डेटा, वापरकर्ता डिरेक्टरीतील
नेटवर्कवरील वापरकर्त्यांची नावे, खाती व गट साठवणारी डिरेक्टरी तपासण्यासाठी तिच्यात भरलेल्या काल्पनिक नोंदी. अशा डिरेक्टरीसाठीच्या एलडॅप प्रणालीत त्या एलडिफ या मजकूर-स्वरूपाच्या फाइलमधून एकगठ्ठा भरता येतात. खऱ्या माणसांची माहिती वापरू नये. ईमेलसाठी १९९९ पासून राखीव असलेले ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन घ्यावे.

मराठी नोंदी मुद्दाम अवघड निवडाव्यात. इंदापूर तालुक्यातील वरकुटे खुर्द व वरकुटे बुद्रुक या गावांची गल्लत होते का, ते पाहावे. बारामती तालुक्यातील ‘कोऱ्हाळे’ या नावातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच चिन्ह किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला नाव तेच. पण सामान्यीकरण, म्हणजे दोन्ही रूपे एकसारखी न केल्यास एका रूपात साठवलेले नाव दुसऱ्या रूपाने शोधल्यावर सापडत नाही. प्रत्येकाला आपले नाव बिनचूक मिळावे, हेच या चाचणीचे सार.