बालवाचकांची पुस्तके आणि वडिलांची निवड

मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, ह्या प्रश्नाची चर्चा अलीकडे पालकांत व शिक्षकांत पुष्कळ चालते. परंतु प्रश्न मात्र फार जुना आहे. पंचतंत्राच्या आरंभीच तो अमरशक्ती राजापुढे उभा राहिलेला दिसतो. राजाचे तिन्ही पुत्र विद्येस विन्मुख. एकट्या व्याकरणालाच बारा वर्षे लागतात, असे दरबारातील पंडितांचे म्हणणे. तेव्हा वृद्ध विष्णुशर्मा सहा महिन्यांचा वायदा करतो, आणि राजपुत्रांस सिंह, बैल व कोल्हे ह्यांच्या गोष्टी सांगू लागतो. शास्त्र त्याने टाकले नाही. मात्र ऐकणाऱ्यास पुढे काय झाले हे विचारावेसे वाटले पाहिजे, ही गोष्ट त्याने आधी पाहिली.

हे सर्व आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो; तरीही प्रसंग आला तेव्हा आमची निवड चुकलीच. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या ग्रंथालयाकरिता पुस्तकांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही थोर पुरुषांची चरित्रे, सद्गुणांवरील निबंध व ज्ञानवर्धक माहितीचे जाडजूड ग्रंथ मोठ्या हौसेने निवडले. दोन वर्षांनी सहज त्या शाळेत जाणे झाले, तेव्हा देवघेवीची वही चाळून पाहिली. आमच्या यादीतील बहुतेक पुस्तकांपुढे एकाही मुलाचे नाव नव्हते. उलट, कोणी तरी भेट दिलेली वेताळाच्या गोष्टींची एक प्रत पुठ्ठा निखळेपर्यंत वाचली गेली होती. ती आमच्या यादीत नव्हती. आमची पुस्तके वाईट नव्हती. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक आम्ही स्वतः वाचलेली नव्हती, हे येथे कबूल केले पाहिजे.

आमच्या हातून घडलेली ही चूक एकट्या आमची नव्हे. तिला मोठी परंपरा आहे. इंग्लंडात सेरा ट्रिमर ह्या बाईंनी १८०२ मध्ये मुलांच्या पुस्तकांचे नियमित परीक्षण करणारे एक नियतकालिक काढले. बाई विदुषी होत्या व त्यांचा हेतूही शुद्ध होता. परंतु परीकथांनी मुलांच्या मनावर अनिष्ट संस्कार होतात, असा त्यांचा ग्रह होता. नेमक्या त्याच वर्षी चार्ल्स लॅम्बने आपला मित्र कोलरिज ह्यास लिहिलेल्या पत्रात, उपदेशपर पुस्तकांनी जुन्या गोष्टींना दुकानांतून हद्दपार केल्याबद्दल संताप व्यक्त केला. पुढे १८०७ मध्ये लॅम्बने आपल्या बहिणीसह शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी मुलांकरिता लिहिल्या, आणि त्या अद्याप छापल्या जातात. 'रॉबिन्सन क्रूसो' (१७१९) व 'गलिव्हरचा प्रवास' (१७२६) ही पुस्तके तर मुलांकरिता लिहिलेलीच नव्हती. मुलांनी ती वडिलांच्या कपाटातून आपलीशी केली.

आपल्याकडील इतिहासही ह्याच दिशेने बोट दाखवितो. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मुंबईस पुढे शाळांसाठी पुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली, आणि तिच्या कार्यात सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्यासारखा लेखक लाभला. १८२८ मध्ये छत्र्यांची 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' ही पुस्तके निघाली. त्यांपैकी 'बाळमित्र' हा बेरक्विन ह्या फ्रेंच लेखकाच्या गोष्टींचा, इंग्रजीच्या द्वारे आलेला अवतार होय. १८३० मध्ये त्यांनीच 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. तिन्ही पुस्तकांमागे लेखणी एकच आणि भाषा सारखीच सुबोध. तथापि आज 'बाळमित्रा'चे नाव वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणास ठाऊक नाही, आणि इसापाचा कोल्हा व विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मात्र घरोघर परिचित आहेत. शहाण्या मुलांच्या गोष्टी काळाबरोबर मागे पडल्या. ज्या गोष्टींत संकट होते, कोडे होते, हसू होते, त्या टिकल्या.

ह्यावरून नीतीचे व बालवाचकाचे हाडवैर आहे, असा कोणी निष्कर्ष काढील तर तो अन्याय होईल. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेली व १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' पानोपानी उपदेशाने भरलेली आहे. मग ती का वाचली जाते? त्यातील श्याम हा मुलगा चुकतो म्हणून. विहिरीत उडी मारण्याच्या भीतीने तो लपून बसतो, मार खातो, रडतो. आणि वाचणाऱ्या मुलाला तेथे आपणच सापडतो. बोध त्या मुलाच्या अनुभवातून येतो, वडिलांच्या खुर्चीवरून येत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर बोध करण्याच्या भानगडीत न पडता धाडस व मैत्री शिकवून जातो.

कथेतर पुस्तकांस हाच न्याय लागू आहे. मुलांस गोष्टीच हव्यात, माहिती नको, ही समजूत निराधार आहे. लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॅरडेने नाताळाच्या सुट्टीत मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली, ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. रसायनशास्त्रातील कितीतरी तत्त्वे त्याने एका जळत्या मेणबत्तीत दाखवून दिली. कारण वस्तू समोर ठेवून तो ती अशी का जळते, हे विचारीत गेला. आपल्याकडे विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढले व अखेरपर्यंत चालविले. त्यात चरित्र, कविता व निबंध ह्यांच्या जोडीस शास्त्रीय विषयही मानाने नांदत. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' सुरू केले, आणि मासिकाचे नावच त्याचे धोरण सांगून गेले. करमणूक व ज्ञान ही एकाच अंकात शेजारी बसू शकतात, हे ह्या संपादकांनी वर्षानुवर्षे सिद्ध केले.

तेव्हा निवड करणाऱ्याने काय करावे? आमच्या मते, प्रथम पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचावे. जे आपणांस कंटाळवाणे वाटले ते मुलास गोड लागेल, ही आशा सोडावी. एका कथेबरोबर एक माहितीचे पुस्तक ठेवावे, आणि मुलास त्यांतून उचलू द्यावे. अर्धे वाचून टाकून दिले तर रागावू नये. वयापेक्षा थोडे वरचे पुस्तकही कपाटात असू द्यावे. क्रूसो मुलांपर्यंत असाच पोहोचला.

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. आमच्यापुढे वर्गात दरवर्षी बुद्धिमान तरुण येतात. त्यांतील पुष्कळ जण सांगतात की शाळेच्या पाठ्यपुस्तकापलीकडे मराठी पुस्तक त्यांनी कधी वाचले नाही. चौकशी केली तर असे दिसते की लहानपणी त्यांच्या हाती मराठीतून बहुधा उपदेश आला आणि इंग्रजीतून गोष्ट आली. ज्या भाषेत मूल दिवा मालवण्याची वेळ टळून गेली तरी वाचीत बसते, त्याच भाषेकडे ते मोठेपणी आपण होऊन परत जाते. त्या शाळेच्या ग्रंथालयासाठी यंदा आम्ही पुन्हा यादी करीत आहो. तिच्यात पहिले नाव 'वेताळपंचविशी'चे घातले आहे. आणि बाकीची नावे त्या शाळेतील मुलांस विचारून भरावयाची, असे ठरविले आहे.