वृक्षवाचक ग्रामनामे : महाड–पोलादपूर परिसर

झाडांच्या नावांवरून पडलेली गावे, वाड्या व घाट यांची नावे. राजा, देवता किंवा व्यवसाय यांच्याप्रमाणेच परिसरातील ठळक वृक्षही वसाहतीची खूण म्हणून सर्वत्र वापरला गेला आहे. अशी नावे जुन्या वनश्रीचा पुरावा ठरू शकतात. मात्र नावाचे जुने रूप व स्थानिक निसर्ग यांचा मेळ बसला, तरच तो पुरावा ग्राह्य मानता येतो.

महाड व पोलादपूर हे तालुके रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागात, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. दोन्ही मुख्य गावांच्या नावांत वृक्षाचा उल्लेख स्पष्ट दिसत नाही. ‘पोलाद’ हा फार्सीतून आलेला शब्द असून ‘पूर’ हे संस्कृत उत्तरपद आहे. महाड ही जुनी बाजारपेठ. तिचे नावही झाडाशी जोडता येत नाही. वृक्ष आढळतात ते लहान गावांच्या नावांत. कोकण रेल्वेवरील करंजाडी या स्थानकाच्या नावात ‘करंज’ दिसतो. करंज ओढ्यांच्या व नद्यांच्या काठी सहज वाढतो आणि त्याच्या बियांचे तेल पूर्वी दिव्यांसाठी वापरीत. किंजळोली या नावात ‘किंजळ’ आहे. भरपूर पावसाच्या सह्याद्री-उतारावर हा वृक्ष ऐनाबरोबर आढळतो. त्याचे लाकूड कोकणात घरबांधणीस वापरतात. ‘-ओली’, ‘-वली’ ही उत्तरपदे संस्कृत ‘पल्ली’ (वस्ती) या शब्दावरून आली, असे सामान्यतः मानले जाते.

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या नावात आंबा व ‘नळी’ म्हणजे डोंगरातील अरुंद, उतरती घळ असे दोन शब्द दिसतात. तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या उमरठ या गावाचे नाव मात्र अधिक सावधपणे पाहावे लागते. ते ‘उंबर’ या वृक्षाशी जोडता येते, तसेच ‘उंबरठा’ या शब्दाशीही. संस्कृत ‘उदुंबर’ या शब्दाला वृक्ष व दाराचा उंबरा असे दोन्ही अर्थ असल्याने केवळ उच्चारसाम्यावरून निर्णय करता येत नाही.

जुन्या लेखाचे महत्त्व गायकवाडांच्या बडोदे या राजधानीच्या उदाहरणावरून कळते. ‘वडाच्या उदरातील’ म्हणून ‘वटोदर’, अशी त्या नावाची लोकप्रिय फोड आहे. परंतु गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याच्या शके ७३४ (इ. स. ८१२) मधील ताम्रपटात या गावाचे नाव ‘वटपद्रक’, म्हणजे वडाचे गाव, असे आले आहे. वृक्ष तोच राहिला, पण फोड बदलली. इंग्रजी अमदानीत रूढ झालेल्या ‘बरोडा’ या रूपात वड ओळखू येईनासा झाला. १९७४ मध्ये ‘वडोदरा’ हे रूप अधिकृत झाल्यावर तो पुन्हा दिसू लागला. पुण्याजवळील चिंचवड या नावातील चिंच उघड आहे. तथापि ‘वड’ हा वृक्ष की कुंपण घातलेली जागा या अर्थाचा ‘वाट’ या संस्कृत शब्दाचा अवशेष, असा प्रश्न उरतोच.

महाड–पोलादपूर परिसरातील वाड्या, कोंड व शेते यांच्या नावांना ताम्रपटाचा आधार क्वचितच लाभतो. ती मुख्यतः लोकांच्या बोलण्यात टिकून असतात. महामार्गाचे रुंदीकरण व औद्योगिक वसाहत यांमुळे जुनी झाडे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून वस्तीच गाडली गेली आणि अनेकांचे प्राण गेले. वस्ती दुसरीकडे हलली, की गावाचे नाव बहुधा सोबत जाते. बांध, पाणवठे व शेते यांची लहान नावे मात्र मागे राहून विसरली जातात. झाड नाहीसे झाल्यावर ते तेथे होते हे सांगणारे साधन म्हणजे त्याचे नाव. म्हणून स्थानिक उच्चारांसह अशा नावांची नोंद करणे हे भाषाभ्यासाइतकेच प्रादेशिक इतिहासाचेही काम ठरते.