दोन वह्यांतली वेगळी नोंद

नोव्हेंबर २०१७. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मेसमध्ये कुणीतरी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: बीडची महिला कॉन्स्टेबल, पुरुष होण्यासाठी रजा हवी, हायकोर्टात धाव. टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. मेस मुलींची होती.

बातमीतलं नाव आता ललित साळवे. गाव राजेगाव, तालुका माजलगाव. जन्माची नोंद मुलगी म्हणून, म्हणून पोलिसातली भरतीही महिला म्हणून. पुढे जे.जे. रुग्णालयातल्या तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र सापडलं. त्यांची गोष्ट आणि माझी एक नाही. माझ्या रिपोर्टमध्ये असं काही सापडलं नाही, माझ्याकडे फक्त माझं म्हणणं होतं. त्या म्हणण्यावर, दोन डॉक्टरांशी बऱ्याच बैठका झाल्यावर, गेल्या वर्षी मी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं.

औषध तसं जुनंच आहे. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी ते बैलाच्या वृषणातून वेगळं काढलं. त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. चारेक वर्षांत इंग्लंडमधल्या एका तरुणाने त्याच्या गोळ्या घ्यायला सुरुवात केली. हा मायकल डिलन. तेव्हा तो कागदोपत्री मुलगी होता आणि ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये काम करायचा. गोळ्यांनी आपलं काम केलं: आवाज फुटला, दाढी आली. आजही तेच होतं, फक्त आता बहुतेक जण इंजेक्शन घेतात. पाळी साधारण काही महिन्यांत थांबते. रक्त दाट होऊ शकतं, म्हणून अधूनमधून तपासणी करावी लागते. आवाज एकदा जाड झाला की औषध सोडलं तरी परत पातळ होत नाही.

१९४४ मध्ये डिलनचा जन्मदाखला बदलला. पुढे तो डॉक्टर झाला, जहाजावर नोकरीला लागला. पण घराणं सरदारी, आणि तिकडे अशा घराण्यांची वंशावळ छापणारी दोन पुस्तकं होती. 'डेब्रेट'ने त्याला भाऊ केलं, 'बर्क'मध्ये तो बहीणच राहिला. एकच माणूस, दोन डेटाबेस आणि सिंक नाही; माझ्या नोकरीत असा बग रोज दिसतो. १९५८ मध्ये हा फरक कुणाच्या तरी नजरेत आला आणि पत्रकार जहाजावर पोचले. डिलन सगळं सोडून भारतात आला. कालिम्पाँग, सारनाथ, मग लडाखमधला रिझोंग मठ. १९६२ मध्ये डलहौसीत तो वारला. वय ४७.

ललित साळवेंचा पेचही वहीतलाच होता. महिला म्हणून भरती झालेल्याला पुरुष म्हणून ठेवायचं कसं? उंचीचे निकषसुद्धा दोघांना वेगळे. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी महिनाभराची रजा मागितली होती. ती नाकारली गेली. हायकोर्टाने सांगितलं, हा नोकरीचा प्रश्न आहे, 'मॅट'मध्ये जा. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि २५ मे २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. महिन्याच्या रजेला आठ महिने लागले. पण डिलनला जे जमलं नाही ते इथे झालं: त्याच नोकरीत, त्याच जिल्ह्यात, नव्या नावाने ते परत हजर झाले. २०२० मध्ये लग्न, जानेवारी २०२४ मध्ये मुलगा. पळून जावं लागलं नाही.

माझ्या आधार कार्डावर नवं नाव आलंय. डिग्रीवर जुनंच आहे. बीडच्या घरी मात्र अजून आवाजावर अडलंय. परवा आजीने फोन घेतला, 'कोण बोलतंय?' विचारलं, मी नाव सांगितलं. तिने आईला हाक मारली, "अगं, कुणी पोरगा आहे गं फोनवर."