लस टोचली, पण नोंद झाली का? उपकेंद्रातले ‘यू-विन’चे काम असे चालते

अंगणवाडीत लसीकरणाचे सत्र भरते. आशा ताई घरोघरी निरोप देतात, आरोग्य सेविका लस टोचते. बाळ रडून गप्प होते, आई घरी जाते. सेविकेचे काम मात्र तिथे संपत नाही. मागे नोंदी उरतात.

यू-विन म्हणजे काय?
कोविड लसीकरणासाठी जानेवारी २०२१ मध्ये को-विन सुरू झाले. त्याच धर्तीवर गरोदर माता व बालकांच्या नियमित लसीकरणासाठी यू-विन आले. जानेवारी २०२३ मध्ये देशातील ६५ जिल्ह्यांत ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले. बाळाची नोंद एकदा झाली की पुढच्या डोसची आठवण मोबाईलवर येते, क्यूआर कोड असलेले प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या गावातही पुढचा डोस घेता येतो.

डोस एक, नोंदी अनेक
एकाच डोसची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर, टिकलर बॅगेतल्या प्रतीवर, रजिस्टरमध्ये आणि मोबाईलवर करावी लागते. महिनाअखेरचा अहवाल वेगळाच. त्यात घाई असते. बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावण मिसळून तयार केली की ४ तासांच्या आत वापरावी लागते, उरलेली लस टाकून द्यावी लागते. त्यामुळे आधी लस, मग नोंद. वाडी-तांड्यावर रेंज नसली तर ती नोंद संध्याकाळी घरी बसून.

गाडी अडते कुठे?
मोबाईल नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर फोन नवऱ्याजवळ शेतात असतो. बारशाआधी बाळाला नावच नसते, म्हणून आईच्या नावाने नोंद होते. पुढे नाव बदलले, नंबरही बदलला की जुनी नोंद सापडत नाही आणि त्याच बाळाची दुसरी नोंद तयार होते.

ऊसतोड कुटुंबांत हे जास्त जाणवते. पेंटाचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. पहिला डोस बीड जिल्ह्यातल्या गावी झाला आणि टोळी कारखान्यावर गेली, तर पुढचे दोन फडावर येतात. जुनी नोंद सापडली तर तिथल्या सेविकेला कोणता डोस द्यायचा ते लगेच कळते. नाही सापडली तर इकडे गावच्या यादीत बाळ ‘बाकी’ दिसत राहते आणि आशा ताई कुलूप लावलेल्या घरी हेलपाटे मारतात. या गोंधळात डोस चुकला तर धोका बाळालाच.

पालकांनी काय करावे?
- दरवेळी एकच, चालू असलेला नंबर द्यावा.
- बारसे झाल्यावर बाळाचे नाव सेविकेला कळवावे.
- नोंद झाल्याची खात्री सत्रातच करावी.
- गाव सोडताना आशा ताईंना सांगावे, कार्ड सोबत न्यावे. मोबाईल बंद पडला तरी कार्डावरून बाळाचे डोस कळतात.
- कार्ड हरवले तर उपकेंद्रात जावे. टिकलर बॅगेत त्याची प्रत असते.