गोठणबिंदूवरून रेणुभार
मिठाचे पाणी शून्य अंशाखाली गोठते आणि ही घट मिठाच्या प्रमाणात वाढते, हे चार्ल्स ब्लॅग्डेनने १७८८ मध्ये दाखवले. रेणुभारासाठी त्याचा उपयोग व्हायला जवळपास शतक जावे लागले. तोवर पदार्थाची वाफ करून तिची घनता मोजत. साखर तापवली की करपते, तिथे हा उपाय खुंटे. ग्रनोबलच्या फ्रान्स्वा राऊलला १८८२ च्या सुमारास आढळले, की घट रेणूंच्या संख्येवर ठरते, जातीवर नव्हे. एक किलो पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर विरघळली की गोठणबिंदू सुमारे ०.१८६ अंशाने उतरतो. पाण्याचा स्थिरांक १.८६, म्हणजे एक किलो पाण्यात रेणुभाराइतके ग्रॅम पदार्थ विरघळला की होणारी घट; इथे घट तिच्या एक दशांश, म्हणून साखरेचा रेणुभार ३४.२ च्या दहापट, ३४२. इतकी बारीक घट वाचायला बेकमनचा तापमापक कामी आला. मीठ मात्र हट्टी: घट अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट! ते पाण्यात दोन विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत विभागते, हा अऱ्हेनियसचा खुलासा १८८७ चा.