कर्ज एकाचं, वसुली दुसऱ्याकडून

निजामाच्या इतिहासात बीडचं नाव उठावापुरतं येतं. 1818 साली धर्माजी प्रतापराव उठला, निजामाच्या फौजेने उठाव मोडला, प्रकरण संपलं. त्या फौजेचा पगार कुठून यायचा, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचंय.

पगार यायचा सावकाराकडून. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची पेढी होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीला झेपेना. कारभारी चंदूलालने पेढीकडून पैसा उचलला आणि बदल्यात मुलखाचा सारा लावून दिला. सारा म्हणजे काय? अजून पेरली नाही त्या रानातली ज्वारी. 1820 च्या 60 लाखांच्या कर्जावरून रेसिडेंट मेटकाफने ओरड केली. शेवटी कंपनी सरकारने मधे पडून पेढीचं देणं भागवलं आणि पेढी बुडाली. (पेढीतला एक भागीदार गव्हर्नर जनरलच्या घरचाच जावई म्हणावा असा होता. साहेबांची नीतिमत्ता ही अशी.)

पामर गेला, चंदूलाल राहिला. आता धनको पेस्तनजी मेहेरजी, मूळ तारापूरचं पारशी घराणं. वऱ्हाडच्या महालांचा वसूल त्यांना लावून दिला. औरंगाबादच्या टांकसाळीत पेस्तनशाही रुपया पडू लागला, एवढं त्यांचं वजन. 1843 ला चंदूलाल पायउतार झाला आणि पुढं दरबाराने ते महाल काढून घेतले. मग जुंपली. पेस्तनजी म्हणे, माझ्याकडं करार आहे. दरबार म्हणे, मुलूख आमचा. कंपनी म्हणे, फौजेचा पगार थकलाय, आधी आमचं. पेस्तनजीने इंग्रजांकडं दाद मागितली, त्यांनी हात वर केले. आणि 1853 च्या तहात कंपनीने स्वतःच वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लावून घेतला! धाराशिव म्हणजे बीडचा शेजार. 1860 ला इंग्रजांनी 50 लाखांचं कर्ज माफ केलं, धाराशिव आणि रायचूर परत दिलं. वऱ्हाड मात्र सोडलं नाही. 1902 साली वर्षाला 25 लाखांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतलं. कर्ज माफ झालं तरी तारण सुटलं नाही, हे ध्यानात ठेवा.

या सगळ्या कागदात आपली माणसं कुठं? रयतेला चावडीवर बोलावून आणणारा महार, भरलेला सारा ठाण्यावर पोचवणारा महार. वरचा धनी बदलला तरी येसकराची काठी तीच आणि भाकर मागायचं दारही तेच. कर्जरोख्यावर त्याची सही नाही, अंगठाही नाही.

दोस्तांनो, हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. बीडचा कोयता दसरा-दिवाळीला गाव सोडतो तेव्हा त्याच्या अंगावर उचल असते. पैसा कारखान्याचा. तो वाहतूक ठेकेदाराकडून मुकादमाकडं आणि मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीकडं येतो. उचल फिटली नाही की बाकी पुढल्या हंगामावर. दुसरा मुकादम ती बाकी भरतो आणि टोळी आपल्याकडं घेतो. म्हणजे कर्ज विकलं गेलं, आणि कर्जाबरोबर माणसं. मग पहिला म्हणतो हिशेब चुकला, दुसरा म्हणतो मी पैसे मोजलेत, ठेकेदार तिसराच आकडा सांगतो. चंदूलालचा दरबार पुन्हा भरला.

फरक एकच आहे, आणि तो मोठा आहे. 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा म्हणतो: उचलीपायी मजुराचं दुसरीकडं कामाला जायचं स्वातंत्र्य गेलं असेल, किंवा त्याला नाममात्र मजुरीवर राबावं लागत असेल, तर ती वेठबिगारी. कलम 6 प्रमाणे असलं कर्ज मेलं. त्यावर दावा चालत नाही, आधी झालेला हुकूमनामाही फिटला असं धरायचं. मग मुकादम खरा की ठेकेदार खरा हा वादच उरत नाही. दोघांनाही घेणं नाही. मुकादम फसवणुकीची फिर्याद द्यायला ठाण्यात जातो तेव्हा हे कलम घेऊन आपण तिथं असलो पाहिजे.

याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्याला दक्षता समिती सांगितली आहे. कलेक्टर अध्यक्ष, आणि जिल्ह्यात राहणारे अनुसूचित जाती-जमातीचे तीन सभासद. बीडच्या समितीवर ते तिघे कोण आणि समिती शेवटची कधी बसली, एवढं लेखी विचारायला कलेक्टर कचेरीत जायचंय. कोण कोण येतंय ते कळवा.